मानद, मान्य

पाटस, ता. दौंड
१२ ऑगस्ट २००१

मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला ऐकू कमी येतं, आणि तुम्ही बोललेलं मात्र सगळ्या पाटसला ऐकू जातं. म्हणून पत्र.

आपल्या पशु-अ‍ॅक्युपंक्चर मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक परवा दौंडला झाली. सरकारी दवाखान्यांतून जनावरांना सुया लावायला परवानगी द्यायचा विचार होऊ शकतो, असं वरून तोंडी कळवलंय. पण त्याआधी त्यांना सदस्यांची यादी हवी आहे, आणि यादीतला प्रत्येक जण कशाच्या जोरावर आत आला तेही हवं आहे. त्यामुळे नियम आता नुसते लिहून ठेवण्यापुरते राहिले नाहीत. पशुवैद्यकाची पदवी, परिषदेची नोंदणी, मंडळाचा अभ्यासक्रम आणि शेवटी दोन परीक्षकांसमोर जित्या जनावरावर प्रात्यक्षिक. एवढं झालं तर सदस्य, नाहीतर नाही.

तुमच्याबद्दल वेगळा ठराव झाला. दोन वर्षांपूर्वी शिरूरला सभा घेऊन हे मंडळ तुम्ही उभं केलंत, म्हणून तुम्हाला मानद सदस्यत्व द्यायचं, असं एकमतानं ठरलं. सचिव या नात्यानं लिहिलेलं औपचारिक पत्र सोबत आहे. भाची या नात्यानं एवढंच सांगते, की ठराव मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवला.

खुटबावची गंमत ऐका. उठता न येणाऱ्या एका म्हशीच्या खुब्याला सुया लावून मी बाजूला उभी होते. मालक बराच वेळ निरखून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “म्याडम, सुईत औषध भरायचं इसरला का वो?” मी म्हटलं, ही सुई कोरडीच असते. तो बायकोकडे वळून म्हणाला, “बग. ह्ये म्हंजी बिनशाईचं पेन झालं.” म्हैस दुसऱ्या दिवशी उठली. तो अजूनही मला पेनवाली बाई म्हणतो.

तुमची,
धनश्री


न्हावरे, ता. शिरूर
२० ऑगस्ट २००१

चि. धनूस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शेजारी म्हाळूच्या गोठ्यात होतो. मामीनं ते तिथंच आणून दिलं, आणि मी ते म्हाळूला, त्याच्या दोन बैलांना आणि एका गाभण शेळीला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हाळू म्हणाला, “डाक्टर, आता तुमी खरं डाक्टर झाला म्हना की!” मी म्हटलं, “गड्या, मग इतकी वर्षं मी काय भजी तळत होतो?”

पण तो चुकला नाही. नोकरीत होतो तेव्हा साहेबांच्या बैठकीत माझ्या सुयांची चेष्टा व्हायची. एक जण विचारायचा, “ठोंबरे, बैलाची गोधडी किती शिवून झाली?” सगळे हसायचे आणि मीही हसायचो. घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडायचो. पुण्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेली ती पुस्तकं, त्यातले चिनी घोडे, त्यांच्या अंगावरचे ठिपके, आणि ते ठिपके आपल्या खिलारी बैलाच्या अंगावर शोधणारा मी. मला कुणी शिकवलं नाही. आज कुणीतरी म्हणालं की तू जे केलंस ते विद्या होती. माणसाला म्हातारपणी आणखी काय पाहिजे?

शिरूरहून संपत पेंटरला बोलावून फाटकावर बोर्ड लावला आहे. पिवळ्यावर लाल अक्षरं: “डॉ. हौसराव ठोंबरे, पशु-अ‍ॅक्युपंक्चर मंडळाचे मान्यताप्राप्त तज्ज्ञ व प्रशिक्षक.” एसटीतून जाणारी माणसं माना वळवून वाचतात.

पुढच्या मे महिन्यात तरुण डॉक्टरांची पहिली तुकडी माझ्याकडे शिकायला येणार, ते तुझ्या ध्यानात असेलच. गोठ्यामागच्या शेडला पत्रे घालून घेतोय. धनू, आता माझी एवढीच हौस उरली आहे. पुस्तकातला बिंदू आणि कातडीखालचा बिंदू यांत बोटभर अंतर असतं, आणि ते अंतर फक्त हातच शिकवू शकतो. डाव्या हातानं कातडी ताणायची, उजव्या अंगठ्यानं खळगी चाचपायची, पुढची सुई ओठात तयार. माझा बा मेंढरांमागं फिरताना घोंगडं असंच शिवायचा. दाभण दातात, दोन्ही हात कामाला. हे कुठल्या पुस्तकात सापडणार?

उन्हाळ्यात म्हाळूची गाय सातव्या महिन्यात गाभडली होती, वासरू मेलेलं पडलं आणि वार आत अडकली होती. सुया लावल्या, दुसऱ्या दिवशी वार पडली. हा दाखला तुझ्या यादीवाल्यांना सांग.

प्रकृती ठीक. पावसाळी हवेनं संध्याकाळी जरा कसकस वाटते, गुडघे धरतात. वय झालं असं म्हणणाऱ्याला मी मत देत नाही.

तुझा मानद मामा


पाटस
२८ ऑगस्ट २००१

मामा,

हे पत्र लिहायला मला फार जड गेलं. सरळच लिहिते. बोर्ड उतरवावा लागेल.

चूक माझी आहे. मानद म्हणजे काय ते मी पहिल्याच पत्रात नीट लिहायला हवं होतं. मानद म्हणजे मंडळानं तुम्हाला मान दिला. मान्य म्हणजे मंडळानं तुमचा हात पाहिला. अक्षरांत फारसा फरक नाही, पण नियमांत आहे. मानद सदस्यानं सभेला यावं, पहिल्या रांगेत बसावं, बोलावं. मंडळाच्या नावाचा बोर्ड त्याला लावता येत नाही. आणि नव्या डॉक्टरांना शिकवताही येत नाही. शिकवायचं तर मान्य सदस्य व्हावं लागतं, आणि त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. अभ्यासक्रम तुम्हीच लिहिलात, त्यामुळे तो तुम्ही पूर्ण केला असं धरायला कुणाची हरकत नाही. परीक्षेला मात्र सूट नाही.

मे महिन्याची तुकडी तुमच्याकडेच यावी असं सगळ्यांना वाटतं. डिसेंबरात दौंडला परीक्षा आहे. अर्ज पाठवा. तुमच्यासाठी ती अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

कसकस किती दिवस आहे?

धनश्री


न्हावरे
४ सप्टेंबर २००१

धनश्रीबाई, सचिव,

पत्र मिळालं. गोठ्यात वाचून दाखवलं नाही.

परीक्षा घेणार कोण? ज्यांना मी सुई कुठल्या टोकानं धरायची ते शिकवलं, ती पोरं? मला विचारणार काय? कमरेच्या खळगीतला बिंदू कुठं असतो ते? चिनी लोक त्याला शंभर जणांच्या भेटीची जागा म्हणतात, हे या जिल्ह्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं गेलं? बहात्तरच्या दुष्काळात, जनावरांच्या छावणीत, उठता न येणाऱ्या बैलांजवळ मांडी घालून मी बसलो, तेव्हा तुमच्या मंडळाचा शिक्का कुठं होता? बैल उठला की नाही, ही माझी परीक्षा होती. तिचा निकाल त्याच दिवशी लागायचा आणि तो बैलच सांगायचा.

तुम्ही मला मान दिला म्हणता. मला हा मान ओळखीचा आहे. म्हाताऱ्याला पाटावर बसवायचं, गंध लावायचं, पहिला घास वाढायचा, आणि शेतात काय पेरायचं हे त्याला न विचारता ठरवायचं. देवाची मूर्ती करून टाकली की माणूस गप्प बसतो. मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. मला मान नको. मला काम हवंय.

माझा बा मेंढपाळ होता. त्याच्या पोराला परळच्या पशुवैद्यक कॉलेजात पहिल्या दिवशी विचारलं होतं, “तुझ्यात शिकलेलं कुणी आहे का?” त्या प्रश्नाला उत्तर देता देता माझं आयुष्य गेलं. वाटलं होतं, आता तरी कुणी विचारणार नाही. आज माझ्या सख्ख्या बहिणीची लेक विचारते आहे.

एक तर मला मान्य करा, नाहीतर तुमचा मान परत घ्या.

डॉ. हौसराव ठोंबरे


पाटस
१५ सप्टेंबर २००१

मामा,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही मला धनश्रीबाई म्हणालात, ते सोडून बाकी सगळं मला पटलं. तरी उत्तर बदलत नाही.

शिरूरची ती सभा आठवते? मार्केट यार्डातलं सभागृह, ऐन उन्हाळा. माइक बंद पडला आणि तुम्ही थांबला नाहीत. समोर बसलेल्या डॉक्टरांना तुम्ही म्हणालात, “ज्याला स्वतःचा हात दुसऱ्याला दाखवायची लाज वाटते, त्यानं मुक्या जनावराच्या अंगाला हात लावू नये. जनावराला तक्रार करता येत नाही, म्हणून आपली तक्रार आपणच करायची. परीक्षा हा अपमान नाही, परीक्षा हा जनावराचा हक्क आहे!” मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. त्या सभेतल्या प्रत्येकानं ते वाक्य लक्षात ठेवलं. फक्त तुम्हीच विसरलात की काय, असं वाटायला लागलंय.

आता आजची गोष्ट. एका पदवीधर डॉक्टरचा अर्ज आलाय. तो लंगड्या बैलाला सुया लावतो आणि लगेच गाडीला जुंपायला सांगतो. हाड मोडलंय की नाही ते बघत नाही. सुईनं दुखणं थांबतं, बैल चालतो आणि आतलं हाड सरकतं. असा एक बैल मी स्वतः पाहिलाय. त्या डॉक्टरनं अर्जावर लिहिलंय, “ठोंबरे साहेबांना परीक्षा नसेल तर मलाही नको.” सांगा, याला मी कुठल्या तोंडानं अडवू? तुम्हाला मागच्या दारानं आत घेतलं तर ते दार त्याच्यासाठीही उघडं राहील.

तुमच्यात शिकलेलं कुणी आहे का, असं मी विचारत नाहीये. आहे, हे मी सगळ्यांना सांगते. त्याच्याकडूनच मी शिकले. म्हणून म्हणते, एकदा हात दाखवा.

तुमची धनू


न्हावरं
आक्टूबर, दसऱ्याच्या आदी

धनू,

तुजी मामी लिवतीया. साक्षरता वर्गात शिकल्याव पयलंच पत्र हाय, तवा चुका काडू नगं.

हितं घरात कोन बोलत न्हाई. भाशान करनारं मानूस, आता जेवताना बी मुकं. बोर्ड उतरीवला. कुटं ठिवला इचार. कोंबड्यांच्या खुराड्याव, अक्षरं खाली करून. कोंबड्या पावसात भिजत न्हाईत, तेवडाच उपेग.

तुला सांगू नगं म्हनल्यात म्हनून सांगती. रोज सांजच्याला ताप येतुया. राती घामानं सदरा पिळून निगतो, आन् सकाळच्याला मानूस खडखडीत. चार दिस बरं वाटतं, पुना तेच. कंबार धरती, गुडघं धरत्यात. म्या म्हनलं शिरूरला दवाखान्यात जाऊ. तर म्हनत्यात, “बानू, डाक्टरला डाक्टर दावायचा नसतो.” आन् सवताच्याच गुडघ्यात सुया टोचून बसत्यात. आता तूच सांग, ह्या मानसाला काय म्हनावं?

आजून येक गंमत. पुस्तकं पुना काडल्यात. मला बैल करत्यात. म्या वाकून हुबी ऱ्हायाचं आन् ह्ये पाठीव बोट ठिवून नावं म्हननार. काल म्हाळूची सून सिंधू मीठ मागायला आली, तिनं बगितलं. लाजून पळाली. आता गावभर झालं आसंल.

म्हंजी परीक्षेला येनार हायती. म्या सांगितलं आसं बोलू नगं.

तुजी मामी बानूबाई


न्हावरे
२ नोव्हेंबर २००१

मा. सचिव, पशु-अ‍ॅक्युपंक्चर मंडळ, यांस,

मान्य सदस्यत्वासाठी अर्ज सोबत जोडला आहे. पदवी व नोंदणीच्या प्रती जोडल्या आहेत. मानद सदस्यत्व नम्रपणे परत करीत आहे.

दोन विनंत्या. माझे परीक्षक जिल्ह्याबाहेरचे असावेत. आणि सचिव माझी भाची असल्याने तिने गुण देऊ नयेत.

अर्जदार,
हौसराव कोंडिबा ठोंबरे

ता. क. धनू, शिरूरच्या सभेतलं ते वाक्य मला चांगलं आठवत होतं. म्हणून तर राग आला.


न्हावरे
१० डिसेंबर २००१

चि. धनू,

प्रात्यक्षिक संपताच मी निघालो, कारण चौफुल्याची एसटी चुकली असती. निकाल ऐकायला थांबलो नाही. थांबायची गरजही वाटली नाही.

तुझे परीक्षक सभ्य माणसं निघाली. उंच होते ते परभणीकडचे तर सुरुवातीलाच माझ्या पाया पडले. मी म्हटलं, “अहो, आज मी तुमच्यासमोर आहे, तुम्ही माझ्या पाया कसले पडता?” ते म्हणाले, “सर, आज आम्हीच शिकायला आलोय.” तोंडी परीक्षेत सुई कधी लावायची नाही ते त्यांनी विचारलं. मी मोडलेल्या हाडापासून सुरुवात केली. तू कोपऱ्यात उभी होतीस, तुला कळलं असेल मी कुणाला उत्तर देत होतो.

आणि तो बैल! साखर कारखान्याच्या गाडीचा, कंबर धरलेला, उठताना कण्हणारा. गाडीवान मराठवाड्यातला, घाबरलेला पोरगा. मी आधी हाडं चाचपली, मग पाय उचलून पाहिले, आणि मगच सुई. धनू, तू पाहिलंस. सुया काढल्यावर तो आपला आपण उठला आणि वैरणीकडे चालत गेला. गाडीवान माझ्याकडे न बघता बैलालाच विचारत होता, “काय रं, बरं वाटलं व्हय?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं काम कुणीतरी हसण्यासाठी नव्हे तर तपासण्यासाठी पाहिलं. मला परीक्षेची चीड होती. आता वाटतं, ही फार आधी व्हायला हवी होती.

संपत पेंटरला निरोप दिलाय. बोर्डावर कोंबड्यांनी अक्षरं जरा खराब केलीत, तेवढी तो सारखी करून देईल.

तुझा मामा


पाटस
१४ डिसेंबर २००१

मामा,

तुमचं पत्र आज मिळालं. संपत पेंटरला थांबवा.

तुम्ही अनुत्तीर्ण झालात. आणि ते परीक्षकांमुळे नाही, माझ्यामुळे.

त्या दोघांनी तुम्हाला भरभरून गुण दिले होते. कागद माझ्याकडे सहीसाठी आला. गुण मी दिले नाहीत, देणारही नव्हते. पण नियम पाळले गेले की नाही ते पाहणं सचिवाचं काम आहे. मी विचारलं, “प्रत्येक सुई ट्रेमधून थेट कातडीत गेली का?” दुसरे परीक्षक म्हणाले, “नाही, ते मी पाहिलं.” परभणीचे म्हणाले, “मॅडम, त्यांना आपण काय शिकवायचं?” मी नियम काढून समोर ठेवला. सुई उकळलेल्या ट्रेमधून थेट त्वचेवर, मध्ये कुठंही स्पर्श नको. यात शून्य असेल तर बाकीचे गुण मोजायचे नाहीत. मामा, नियमांचा मसुदा तुमच्या हातचा आहे. हे शेवटचं वाक्य तुम्ही खाली रेघ मारून लिहिलंय.

दुसरे परीक्षक म्हणाले, “तुमचे मामा ना ते?” मी म्हटलं, “हो, म्हणून तर.” बरीच वादावादी झाली. शेवटी त्यांनी शून्य लिहिलं आणि मी सही केली.

तुम्ही एक सुई लावलीत, पुढची ओठात धरलीत. पहिल्या जागी रक्त आलं, तेव्हा ती सुई काढून तीही दातात धरलीत आणि पुन्हा लावलीत. तुम्हाला आठवतही नसेल. मी लहानपणापासून तुम्हाला असंच करताना पाहिलंय. मलाही त्यात कधी काही दिसलं नव्हतं. त्या दिवशी कोपऱ्यात उभं राहून, फक्त नियम हातात धरून पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आता पुढचं लिहिते ते मंडळाचं नाही. म्हाळूची गाय सातव्या महिन्यात गाभडली होती. वार अडकली होती. तुम्ही तिला सुया लावल्या होत्या, अर्थातच अशाच. तेव्हापासून तुम्हाला संध्याकाळी ताप येतो, रात्री घाम येतो, कंबर आणि गुडघे धरतात, मध्ये चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा ताप. मामीवर रागवायचं नाही, तिनं कळवलं ते बरं केलं. ब्रुसेला हे नाव मला कॉलेजात जायच्याही आधी तुमच्याकडून कळलं होतं. गाय गाभडते आणि तोच रोग माणसाला लागला की ताप जातो-येतो, असं तुम्ही सांगितलं होतं. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला त्याच दिवशी रक्त तपासायला पिटाळलं असतं.

उद्याच्या उद्या शिरूरला जा. म्हाळूच्या गाईचं दूधही तपासायला पाठवा. त्यांच्या घरात कुणी कच्चं दूध पितं का ते विचारा.

मे महिन्याची तुकडी पाटसला माझ्याकडे येईल. न्हावऱ्याच्या शेडला तुम्ही पत्रे घातलेत, हे मला माहीत आहे.

रागवा. पण तपासणी करा.

धनू


न्हावरे
१८ फेब्रुवारी २००२

चि. धनू,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही. तू फोन केलास तेव्हा मी परड्यात गेलोय असं मामीनं सांगितलं. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

राग आला होता. पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं, की माझ्या रक्ताच्या पोरीनं माझ्या तोंडातला घास काढला. मग आरशासमोर उभा राहिलो, मोकळ्या हातानं कातडी ताणायचं नाटक केलं, आणि पाहिलं की दुसरा हात आपोआप ओठाकडे गेला. मी सांगितलं नव्हतं त्याला. तो गेला. तेव्हा राग गिळला आणि सदरा चढवला.

शिरूरच्या दवाखान्यातला डॉक्टर तुझ्या वयाचा. त्यानं विचारलं, “जनावरांशी संबंध येतो का?” मी उत्तर द्यायच्या आत मामी म्हणाली, “जनावरं कटाळली, ह्ये न्हाई कटाळत.” रक्ताचा रिपोर्ट तू म्हणालीस तोच आला. सहा आठवडे गोळ्या घेतल्या. लघवी लाल व्हायची, ते पाहून मामीनं खंडोबाला नवस बोलला. गोळीनंच तसं होतं हे सांगूनही ऐकलं नाही. आता ताप नाही. गुडघे आहेत तसेच आहेत, त्यांचा दोष ब्रुसेलावर घालणार नाही.

म्हाळूच्या गाईच्या दुधातही रोग सापडला. सिंधू पोटुशी आहे, आणि घरात धारोष्ण दूध प्यायची रीत. तिचं रक्त तपासलं, ती सुखरूप आहे. गाय वेगळी बांधली. म्हाळूनं हिशेब जोडला आणि मला म्हणाला, “डाक्टर, तुमी नापास झाला म्हून माजी सून वाचली म्हना की.” मी उठलो आणि हातमोजे घालून त्याच्या गोठ्यात चुना मारला.

आता मंडळाचं काम. हे सचिवानं नीट वाचावं.

परभणीचे जे परीक्षक माझ्या पाया पडले, त्यांचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढ. माणूस देवासारखा असेल, विद्वान असेल, पण ज्याच्या पाया पडायचं त्याचे हात तपासता येत नाहीत. त्याची नजर माझ्या पायांवर होती, म्हणून माझं तोंड त्याला दिसलं नाही. दुसऱ्यानं सगळं पाहिलं आणि तरी गप्प बसला, त्यालाही काढ. तू एकटी मध्ये पडली नसतीस, तर मी मे महिन्यात नव्या तुकडीला सुई ओठात धरायला शिकवलं असतं. मोठ्या अभिमानानं शिकवलं असतं. माझ्या बाची आठवण सांगून शिकवलं असतं. आणि त्यांनी ते त्यांच्या पोरांना शिकवलं असतं. ह्या विचारानं मला अजून जाग येते.

त्यांनी मला मान्य केलं असतं, तर ते मंडळ मोडीत काढण्याच्याच लायकीचं ठरलं असतं. आता मला त्या मंडळात यायचं आहे.

तर माझा अर्ज पुन्हा जोडला आहे. प्रशिक्षणार्थी म्हणून. मे महिन्यात तुझ्याकडे जी तुकडी येईल, तिच्यात माझं नाव घाल. शेवटच्या बाकावर बसेन. मधे बोलणार नाही, असं वचन देत नाही, प्रयत्न करेन. शेडच्या पत्र्यांची काळजी करू नकोस, खाली शेळ्या बांधल्या आहेत आणि त्या समाधानी आहेत. बोर्ड खुराड्यावरच राहू दे.

रोज सराव चालू आहे. ट्रे डाव्या बाजूला, सुई ट्रेमधून थेट कातडीत. हात अजून अधूनमधून ओठाकडे निघतो. त्यावर मामीनं उपाय काढलाय. सराव सुरू करायच्या आधी ती माझ्या तोंडात एक लवंग ठेवते आणि म्हणते, “आता हितं जागा न्हाई.” भाषण करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

तर पुढच्या परीक्षेला माझं तोंड बंद असेल. तेव्हाही कोपऱ्यात उभी राहा. आणि या वेळीही नियम हातात धरूनच पाहा.

तुझा मामा,
सध्या अमान्य